बारापैकी चार ओळी

ताई, तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं आणि मी घसा बसल्याचं कारण दिलं. घसा ठणठणीत होता. बोलणाऱ्या सगळ्यांनी तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. आपल्या संस्थेतले एक जुने सहकारी हिंदीत म्हणाले, मॅडमचा मोठा प्रयोग फसला तेव्हा तो फसला असं त्यांनी स्वतःच्या सहीने लिहून दिलं, आजकाल एवढी हिंमत कोण करतं. लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत तुमच्या यजमानांच्या, शमुवेलकाकांच्या मागे बसलो होतो. मीही हलवली.

तो प्रयोग फसला नव्हता, ताई. तो मी बिघडवला होता. तुम्हाला जाऊन सहा आठवडे झाले आणि हे एवढं वाक्य मी आत्ता कुठे कागदावर आणतोय. तुम्ही समोर होतात तेव्हा सव्वीस वर्षांत ते तोंडातून निघालं नाही.

वाचणाऱ्यांना तुमची ओळख करून द्यायला हवी, पण पदव्या, पदं, निवृत्तीचं साल हे इतरांनी लिहिलंय. तुम्ही एस्तेरताई. मूळच्या नगरच्या, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या, आणि किडीला विषाने मारण्याऐवजी तिला खाणारा किडा शोधावा अशा मताच्या. मी तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, मुनिरक्यात एका खोलीत तिघांबरोबर राहत होतो. तासगावकडच्या द्राक्षवाल्याचा मुलगा. पहिल्या दिवशी मी ताठ उभा राहून 'गुड मॉर्निंग, मॅडम' म्हटलं. तुम्ही माझा अर्ज वाचत होतात. मान वर न करता म्हणालात, तासगावचा ना तू, मग मॅडम कसली, ताई म्हण. बाहेर हिंदी, ह्या खोलीत मराठी. आणि जेवून आलायस का?

जेवलो नव्हतो. तुम्ही तुमचा डबा अर्धा केलात. त्या दिवशी मेथीची भाजी होती. पुढे कितीतरी वर्षं तो डबा अर्धाच होत राहिला.

तुमचे किडे म्हणजे ढालकिड्यांच्या कुळातले, पण चित्रांतून दिसतात तसे लाल, ठिपकेवाले, देखणे नव्हेत. खसखशीच्या दाण्याएवढे, काळे कुळकुळीत भुंगेरे. त्यांचं खाणं एकच, लाल कोळी. हा कोळी डोळ्याला धड दिसतही नाही. पॉलिहाउसमधल्या काकडीचं पान मागच्या बाजूने शोषतो, पान ठिपक्याठिपक्यांनी पांढुरकं होतं, मग त्यावर जाळं चढतं आणि वेल वाळतो. भुंगेऱ्याचं शास्त्रीय नाव भलतंच लांब होतं. तुम्ही 'आपली काळी पोरं' म्हणायचात. 'काळी पोरं जेवली का बघ रे, दत्ता.'

ती पोरं आपण हिंदूरावच्या टेकडीवर जाऊन आणायचो. रविवारी चर्च सुटलं की तुम्ही तशाच बसने निघायचात, मी मुनिरक्याहून यायचो. टेकडीच्या उतारावर एरंड माजलेला असायचा. तुम्ही छत्री उघडून उलटी धरायचात, मी काठीने फांदी झोडायचो, आणि छत्रीत पडलेल्या पाचोळ्यातून तुम्ही काचेच्या नळीने, तोंडाने अलगद हवा ओढत, एकेक काळा दाणा बाटलीत घ्यायचात. अंगावर चर्चची रेशमी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. फिरायला आलेली माणसं थांबून बघायची. एका सरदारजींनी काळजीने विचारलं, 'मैडम, कुछ खो गया?' तुम्ही नळी तोंडातून काढून म्हणालात, 'बच्चे।' ते बिचारे खरंच इकडेतिकडे बघायला लागले. मग आपण तिथेच दगडावर बसून पोळीभाजी खायचो. तुम्ही म्हणायचात, ज्याच्या नावाची ही टेकडी तोही बाहेरचाच, ग्वाल्हेरहून आलेला, राहिला की नाही टिकून? आपली पोरंही पॉलिहाउसमध्ये टिकतील.

मी ह्या रविवारांसाठी आठवडा काढायचो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं भांडण मात्र त्याच छत्रीखाली सुरू झालं आणि कधीच संपलं नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे कीड दिसली की हात पंपाकडे जायचा. लहानपणी मी पिठ्या ढेकूण लागलेलं एक पान गंमत म्हणून डबीत जपून ठेवलं होतं, तर वडलांनी ते शोधून काढून चुलीत घातलं आणि माझ्या थोबाडीत दिली. आणि तुमची पद्धत अशी, की भुंगेरे सोडायच्या दोन आठवडे आधी चांगल्या, निरोगी पिकात आपणच हाताने कीड सोडायची. प्रत्येक ओळीत, ठरावीक अंतरावर, घेवड्याचं एकेक कोळीभरलं पान वेलावर ठेवायचं. म्हणजे भुंगेरे येतील तेव्हा ताट वाढलेलं असेल. ते खातील, अंडी घालतील, संसार मांडतील. पुढे उन्हाळ्यात बाहेरून कोळ्यांची धाड आली की घरात पहारा बसलेला असेल. पुष्कळांना हा वेडेपणा वाटायचा. मलाही वाटायचा. ते तोंडावर म्हणायचे, एवढाच फरक.

तसं एकदा मी म्हणालो होतो. ताई, आधी चोर घरात घ्यायचा आणि मग पोलिसाला बोलवायचं, ही कुठली रीत? तुम्ही हसलात. म्हणालात, दिल्लीचा पोलीस हप्त्यावर जगतो, माझा पोलीस चोरावरच जगतो. चोर नसेल तर तो उपाशी मरेल नाहीतर खिडकीतून उडून जाईल. मग खरा चोर आला की कोणाला हाक मारशील? मी म्हणालो, चोर येऊच नये असं करावं. तुम्ही चष्मा काढलात, पदराने पुसलात, परत लावलात आणि म्हणालात, 'दत्ता, तुला स्वच्छ पान आवडतं. मला जिवंत पान आवडतं. तू शिकशील.' मी शिकलो नाही. मला त्याचा राग आला.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला प्रयोग प्रत्यक्ष शेतकऱ्याकडे करायचं ठरलं. नजफगढच्या पलीकडे ओमप्रकाशजींचं पॉलिहाउस होतं. बारा ओळी काकडी. दाराच्या बाजूला पाणी ठिबकणारी ओली जाळी, म्हणजे आपल्या कूलरचीच, फक्त भिंतीएवढी. पलीकडच्या टोकाला हवा ओढणारे मोठे पंखे. सगळी तयारी झाली आणि नगरहून फोन आला, तुमची आई अत्यवस्थ आहे. निघण्यापूर्वी तुम्ही माझ्या हातात कोळीभरल्या पानांच्या बारा पिशव्या दिल्यात, एकेका ओळीची एकेक, प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात नंबर. म्हणालात, जातीने ठेव. ओमप्रकाशजी काहीतरी बोलतील. ऐकून घे, आणि ठेव.

ते बोललेच. 'डॉक्टर साहब, पहले बीमारी बाँटोगे, फिर दवाई? ये काम तो हमारे नेता लोग करते हैं।' मी हसलो आणि कामाला लागलो. दारापासूनच्या चार ओळी नीट झाल्या. पाचव्या ओळीशी आलो. वेल छातीएवढे झाले होते, पानं तळहाताहून मोठी. एक पान उलटून बघितलं, मागे एक डाग नव्हता. माझा हात थांबला.

ह्या जागेची मी पुढे एक गोष्ट बनवली, स्वतःला सांगण्यासाठी. गोष्ट अशी, की माझ्यातल्या शेतकऱ्याला दया आली, ओमप्रकाशजींचं पीक बघून जीव कळवळला. त्यात थोडं खरं आहे. पण मोठं खरं वेगळं आहे. मला वाटलं, ह्या बाईंना पुस्तक कळतं, पीक मला कळतं. चार ओळी त्यांच्या समाधानाला पुरेत. बाकीच्या आठ मी राखीन, त्या सुंदर येतील, आणि मग एक दिवस सांगेन की ताई, इथे मी कीड टाकलीच नव्हती. तुम्ही थक्क व्हाल, असं मला वाटत होतं. मी तुम्हाला हरवायला निघालो होतो, ताई. ज्यांच्या अर्ध्या डब्यावर जगत होतो त्यांना.

आठ पिशव्या मी बाहेरच्या पाण्याच्या ड्रममध्ये बुडवल्या आणि वर वीट ठेवली. नोंदवहीत बारा ओळींपुढे बारा खुणा केल्या. ओमप्रकाशजींनी लस्सी दिली, ती प्यायलो.

तुम्ही पंधरा दिवसांनी आईला माती देऊन परत आलात. तोंड सुजलेलं, आवाज खोल गेलेला. घरी आराम करा म्हटलं तर ऐकलं नाहीत, दुसऱ्याच दिवशी भुंगेऱ्यांच्या बाटल्या मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलात. पॉलिहाउसच्या दारात थांबून तुम्ही पहिल्या ओळीतलं एक पान उलटलंत, त्यावर कोळी बघितलेत आणि मला विचारलंत.

'सगळ्या ओळींत ठेवलीस ना?'

'हो, ताई.'

'बारा?'

'बारा.'

तुम्ही पुढे तपासलं नाहीत. तुमचा माझ्यावर विश्वास होता, आणि उभं राहायला तुमच्या पायांत बळही नव्हतं. बाटल्या उघडल्या. काळी पोरं बाराही ओळींवर पसरली.

आठवड्याने मोजणीला गेलो तेव्हा पहिल्या चार ओळींत भुंगेरे होते, कोळीही थोडे होते. पुढच्या आठ ओळींत कोळी नव्हतेच. तुमच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. 'अरे, ह्यांनी तर ताट चाटूनपुसून साफ केलं,' असं म्हणालात. कोळी खाऊन संपले असते तर पानांवर त्यांनी शोषल्याचे ठिपके राहिले असते. एरवी तुमच्या नजरेतून हे सुटलं नसतं. पण त्या महिन्यात तुमची नजर नगरच्या दफनभूमीत होती. हे मला समजत होतं. मी तुमच्या दुःखाचा आडोसा घेतला.

त्या आठ ओळींत ताट कधी वाढलंच नव्हतं. तिथले भुंगेरे काही मेले, बरेचसे छपराच्या फटीतून निघून गेले. एप्रिलमध्ये गरम वारा सुटला आणि कडेच्या तणातून खरा कोळी आत आला. आठ ओळी आठ-दहा दिवसांत भाजल्यासारख्या झाल्या. कोळ्यांची जाळी हवेत लोंबत होती. आणि पहिल्या चार ओळी हिरव्या.

आता येतंय ते सगळ्यांत वाईट आहे. पानं न ठेवणं हा तरण्या वयाचा माज होता, 'बारा' म्हणणं ही भीती होती. हे तिसरं मी शांत डोक्याने केलं.

तुम्ही चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मधे उभ्या होतात, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. म्हणालात, दत्ता, इथे टिकली आणि इथे नाही, असं का? अंतर ते केवढं, तीन फुटांचं. तुम्ही खरंच विचारत होतात. तुम्हाला उत्तर हवं होतं, मग ते कितीही कडू असतं तरी. माझ्याजवळ होतं. मी म्हणालो, 'ताई, ह्या चार ओळी ओल्या जाळीजवळ आहेत. इथे गारवा आहे, ओलावा आहे. पोरांना ओलावा लागत असेल.'

तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेने बघितलंत ती मी कुठे ठेवू? आई आपल्या मुलाकडे पहिल्या पगाराच्या दिवशी बघते तशी. 'हे माझ्या डोक्यातच आलं नाही रे.' तेच तुमच्या अहवालाचं मुख्य वाक्य झालं: हा भुंगेरा ओलाव्याशिवाय टिकत नाही, दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांनी ह्या पद्धतीवर विसंबू नये. लेख छापला तेव्हा तुम्ही तुमच्या नावाशेजारी माझं नाव घातलंत. आत खास लिहिलंत, की ओलाव्याचं निरीक्षण दत्ताचं आहे.

त्याआधी तुम्ही ओमप्रकाशजींकडे गेलात. जायची गरज नव्हती, पत्र पाठवून चाललं असतं. पिवळ्या पडलेल्या वेलांमधे उभ्या राहून तुम्ही हात जोडलेत. 'भाईसाहब, ग़लती मेरी है। मैंने आपकी फ़सल पर कच्ची बात आज़माई।' त्यांनी एक वाळलेलं पान खुडलं. मग म्हणाले, 'मैडम, आप झूठ बोलतीं तो लड़ लेता। अब क्या लड़ूँ।' मी तुमची पिशवी धरून मागे उभा होतो. तुमच्या पाठीवरचा घाम साडीतून दिसत होता. मी फक्त 'ताई' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, पुढचं आपोआप बाहेर आलं असतं. परतताना जीपमध्ये तुम्हीच माझी समजूत काढलीत, की असं होतं, विज्ञान असंच असतं, तू मनाला लावून घेऊ नकोस.

प्रकल्प बंद झाला. तुम्हाला प्रशिक्षण विभागात बसवलं. पुढची सगळी नोकरी तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यांना पेटीत टाचलेले किडे दाखवण्यात काढलीत, आणि त्या कामातही जीव ओतलात. मी फवारणीच्या वेळापत्रकांकडे वळलो. तिथे माझं चांगलं चाललं. कुठल्या आठवड्यात कोणतं औषध, किती पाण्यात, हे विचारायला सोनीपतपासून फोन येतात. हल्ली त्या फोनमधे एकच तक्रार असते, की लाल कोळी आता कशानेच मरत नाही. मी पुढचं औषध सांगतो.

तुम्ही मात्र माझ्याशी होतात तशाच राहिलात, आणि तेच सोसणं अवघड गेलं. नाताळला तुमच्याकडून करंज्या-चकल्यांचा डबा यायचा, 'दिवाळीला तुझ्याकडे गावाहून काही आलं नसेल' म्हणून जास्तीचा. माझ्या लग्नात दिल्लीकडचं माझं माणूस म्हणून तुम्ही आणि शमुवेलकाका उभे राहिलात. वडील गेले तेव्हा मला रडू येईना, तर तुम्ही नुसत्या शेजारी येऊन बसलात आणि घेवड्याच्या शेंगा निवडत राहिलात. कितीतरी गोष्टींवरून तुम्ही मला झापलंत. माझं इंग्रजी, माझे न कापलेले केस, मुलीला मराठी वाचायला न शिकवणं. 'तिला उद्या माझ्याबद्दल कुठे दोन ओळी छापून आल्या तर वाचता यायच्या नाहीत,' असंही एकदा म्हणालात. ह्या सगळ्या झापण्यांत ज्याच्यासाठी खरी हवी होती ती एक नव्हती. मी दरवेळी वाट बघायचो की तुम्ही चष्मा काढाल, पुसाल, आणि म्हणाल, बरं, आता सांग. तुम्हाला कळलं असेल का, ह्याचा मी खूप विचार केला. नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही एक दिवसही गप्प बसला नसतात.

मागच्या जूनमध्ये तुम्ही मला दिल्लीतल्याच द्वारकेच्या घरी बोलावून घेतलंत. फोनवर आवाज तरुण झाला होता. मी आलो तर बाल्कनीत फुटक्या बादलीत लावलेला एरंड, भर दुपार, लूच्या झळा अशा की रेलिंगला हात लावता येईना. तुम्ही एक पान उलटून माझ्यासमोर धरलंत. मागे लाल कोळी, आणि त्यांच्यामधे काळी पोरं. अळ्याही होत्या, अंडीही.

'बघ,' म्हणालात. 'कोणी आणून सोडली नाहीत, आपली आपण आली. महिना झाला, इथेच आहेत. इथे कुठला आलाय ओलावा?'

तुम्ही पान माझ्या आणखी जवळ आणलंत.

'मग तेव्हा काय झालं असेल रे? मी रोज विचार करते. मोजताना मीच चुकले असणार. आई गेली होती, डोकं ठिकाणावर नव्हतं माझं.'

आणि मी म्हणालो, 'असेल, ताई.'

हे दोन शब्द मी म्हणालो. मागचं सगळं चोवीस वर्षांच्या पोराने केलं असं म्हणता येईल. हे पन्नाशीला टेकलेल्या माणसाने केलं. तुम्ही मान डोलावलीत, पान हळूच सोडून दिलंत आणि म्हणालात, एकदा परत करून बघशील का? मी आता फिरू शकत नाही.

केलं, ताई. एवढं तरी केलं. सप्टेंबरपासून संस्थेच्या आवारातल्या छोट्या पॉलिहाउसमध्ये, कोणाला फार न सांगता. घेवड्याच्या कुंड्या लावल्या, कोळी वाढवले, हिंदूरावला एकटा गेलो. एका हाताने छत्री धरून दुसऱ्याने फांदी झोडता येत नाही, अर्धी पोरं जमिनीवर पडतात. प्रत्येक ओळीत माझ्या हाताने पानं ठेवली. मुद्दाम जाळी बंद ठेवली, हवा कोरडी राहू दिली. पोरं टिकली. शेवटच्या ओळीपर्यंत टिकली. नोव्हेंबरात मी एक-एक पान उलटून बघत होतो. सव्वीस वर्षांपूर्वी नजफगढला हेच दिसायचं होतं, तुम्हाला.

हा निकाल घेऊन मी नाताळच्या दिवशी आलो. कागद खिशात होते. तुम्ही पलंगावर, पातळ झालेल्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. माझा हात धरून तुम्ही विचारलंत, काय म्हणतात आपली काळी पोरं? नुसतं 'टिकली' म्हटलं असतं तरी तुम्ही उठून बसला असता. पण टिकली म्हटल्यावर तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. म्हणून तेवढंही दिलं नाही. 'मजेत आहेत, गर्दी ओसरली की सांगतो,' म्हणालो. तुम्ही माझ्या हातात करंजी ठेवलीत.

जानेवारीच्या धुक्यात तुम्ही गेलात. दफनभूमीत चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. माती टाकताना मला फक्त एवढंच वाटत होतं, की एक आठवडा मागे न्या मला, एकच. आताही तेच वाटतं. रविवारी जाग येते आणि पहिल्या क्षणी मी बसचा विचार करतो, तुम्ही स्टॉपवर उभ्या असाल, छत्री घेऊन. माफी नकोय मला. तुम्ही एकदा समोर बसावं आणि मला धारेवर धरावं, इतकं की मला वर बघता येऊ नये, हे हवंय.

शोकसभेहून घरी आल्यावर मी त्या जुन्या लेखाची दुरुस्ती लिहिली आणि तो छापणाऱ्या संशोधन पत्रिकेकडे पाठवली. उत्तर आलं, की छापू, पण दोन्ही लेखकांची संमती लागेल. पहिल्या लेखिका हयात नसतील तर त्यांच्या वारसाची सही. म्हणून गेल्या शनिवारी सकाळी काकांकडे गेलो. बाल्कनीत एरंड सुकलेला. काकांना किड्यांतलं काही कळत नाही, त्यांनी आयुष्य मंत्रालयात फायली तपासण्यात काढलं, हे तुम्हीच चिडवून सांगायचात. मी त्यांना सगळं सांगितलं, ड्रमवरच्या विटेपासून 'असेल, ताई'पर्यंत. त्यांनी शेवटी एकच विचारलं.

'म्हणजे तिची चूक नव्हती?'

'नव्हती, काका. कुठेच नव्हती.'

ते उठून स्वयंपाकघरात गेले. नळ सुरू झाला, बराच वेळ सुरू राहिला. परत आले तेव्हा चेहरा ओला होता. दुरुस्तीचा कागद मागितला आणि मराठीत समजावून सांग म्हणाले. मी सांगितलं: ह्या प्रयोगात बारापैकी आठ ओळींत कीड सोडण्यात आली नव्हती, त्यामुळे ओलाव्याविषयीचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे. काकांनी चष्मा लावून तो कागद स्वतः दोनदा वाचला. मग माझ्यापुढे सरकवला.

'माझी सबंध नोकरी असले कागद वाचण्यात गेली, दत्ता. सगळं असतं, माणूस नसतो. ह्यात कोणी ते कुठे लिहिलंयस?'

मी पेन काढलं. कीड कोणी सोडली नाही, खोटी नोंद कोणी केली, ओलाव्याचं कारण कोणी रचलं, तिन्ही ठिकाणी माझं पूर्ण नाव घातलं. त्यांनी ते वाचलं, खाली सही केली, तारीख घातली, आणि तुमच्या नावापुढे कंसात स्वतःचं नातं लिहिलं. मग दार उघडून धरलं.

'हेच आपल्या लोकांना कळेल असं मराठीतही लिही,' म्हणाले. 'आणि आज चहा विचारत नाही. पुढच्या वेळी.'

तुमच्या घरातून मी पहिल्यांदाच तसा निघालो, ताई. जिना उतरताना बरं वाटलं.